‘रिस्पेक्टेड प्रिन्सिपल सर अँड माय डिअर फ्रेंड्स’... आणि त्यानंतर शांतता

खसताटी | सोमवार, रात्री १०:४०

नागपुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा दुसऱ्या वर्षाचा दोन क्रेडिटचा कम्युनिकेशनचा पेपर माझ्या गळ्यात पडला. त्यात इंटर्नलसाठी प्रत्येकाने पाच मिनिटं इंग्रजीतून भाषण करायचं असतं. वर्गात ६४ जण. निम्मे काटोल, उमरेड, भंडारा, गोंदिया भागातले, काही गडचिरोलीकडचे, उरलेले शहरातले. शहरातल्यांतही सेमी-इंग्लिशवाले वेगळे आणि कॉन्व्हेंटवाले वेगळे.

मागच्या आठवड्यात पहिली फेरी घेतली. पहिल्या चौदापैकी अकरा जणांनी शीर्षकातल्याच वाक्याने सुरुवात केली. प्रिन्सिपल सर वर्गात नव्हते. विषय: मोबाइल शाप की वरदान, वेळेचं महत्त्व, स्त्री सक्षमीकरण. सगळं नेटवरून उतरवलेलं आणि घोकलेलं. रोल नंबर २३ तिसऱ्या वाक्याला अडला. परत ‘रिस्पेक्टेड’पासून सुरू केलं, बरोबर त्याच जागी अडला. तिसऱ्यांदा ‘रिस्पेक्टेड’ म्हणाला तेव्हा वर्ग हसला. तो खाली बसला नाही, सरळ दाराबाहेर गेला. पुढचे दोन तास आलाच नाही.

आज तोच पोरगा कॉलेजसमोरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दिसला. मित्रांना शेतातल्या विहिरीचा पंप सांगत होता, हातवारे करून, मधेमधे थांबून, डोळ्यांत बघून. चौघे जण पोहे खायचे थांबून ऐकत होते. म्हणजे या मुलाला बोलता येतं. मग मी वर्गात नेमकं काय शिकवतेय?

वर हिशोबही जमत नाही. ६४ गुणिले ५ म्हणजे ३२० मिनिटं. हजेरी वगैरे जाऊन तासाची चाळीस मिनिटं हाती उरतात. आठवड्याला दोन तास, म्हणजे अख्खा महिना. आणि महिनाभरात एकेक जण बोलणार पाच मिनिटं. एकच सायकल, चौसष्ट पोरं, प्रत्येकाला महिन्यातून एक चक्कर. असं कोण सायकल शिकलंय?

ज्यांनी शिकवलंय, किंवा अशा वर्गातून शिकलेत, त्यांनी सांगा. ‘आत्मविश्वास वाढवा’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, ते आमच्या नोटिस बोर्डावर लिहिलेलं आहे.

---

तर्रीबाज | सोमवार, रात्री ११:०५

मॅडम, ते वाक्य पोट्ट्यांचं नाही, आपल्याच शाळेनं शिकवलेलं हाय. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’चं इंग्रजी करून राहिले ते.

मी आठवीत १५ ऑगस्टला बोललो होतो. दोन पानं पाठ. कुठे आवाज चढवाचा, कुठे मूठ आवळाची, गुरुजींनी पेन्सिलनं कडेले लिहून देल्लं होतं. मधातच माइकनं कुईंऽऽ केलं न अख्खे लोकमान्य टिळक डोक्यातून साफ. शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून उतरलो. खरंच दोनच शब्द झाले होते. तरी टाळ्या पडल्या, अन् घरी आल्यावर सगळे म्हणे, पोराले ‘स्टेज डेअरिंग’ हाय.

सांगाचं इतकंच, की आपण पाठांतरालेच वक्तृत्व म्हणून राहिलो. इंग्रजी तं नंतर आली.

---

काटेकोर | मंगळवार, सकाळी ६:५०

माझं मत थोडं कडू आहे. आधी व्याकरण. ज्याला ‘ही डझन्ट’ आणि ‘ही डोन्ट’ यातला फरक कळत नाही, त्याला स्टेजवर उभं करणं म्हणजे त्याची फजिती मांडणं. मी बँकेत चौतीस वर्षं काढली. इंग्रजीतून प्रेझेंटेशन देणारे अधिकारी पाहिले. वाक्य चुकलं की समोरचा साहेब मुद्दा विसरतो आणि चूक लक्षात ठेवतो. पाया नसताना मजले चढवू नका.

---

बर्डीवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

मी सहा वर्षं टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या क्लबमध्ये आहे, म्हणून लिहितो. ही संस्था राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात, सँटा ॲना गावी सुरू केली. तिथे शिक्षक नसतोच, सदस्यच एकमेकांना ऐकतात आणि तपासतात. तयारी केलेलं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. एक जण फक्त वेळ बघतो, एक जण ‘अँ’, ‘सो’, ‘यू नो’ मोजतो, एक जण भाषा टिपतो. आणि टेबल टॉपिक्स म्हणून एक प्रकार असतो: विषय जागेवर मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. मॅडम, तुमच्या वर्गाला हेच हवंय. घोकायला वेळच मिळत नाही.

पण मुख्य गोष्ट देहबोली. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि हावभाव, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे काटेकोरकाकांनी व्याकरणाची एवढी चिंता करू नये.

---

काटेकोर | मंगळवार, सकाळी ९:४०

मग हा प्रतिसाद लिहिण्याऐवजी हावभाव करून पाठवायचा होता.

---

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १:२०

बर्डीवाला, बाकी सगळ्याला +१, पण ते ९३ टक्क्यांचं प्रकरण इथेच थांबवू या. प्रत्येक सॉफ्ट स्किल्सच्या कार्यशाळेत ती स्लाइड असते. आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे दोन प्रयोग होते. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द आणि चेहऱ्यांचे फोटो. प्रश्न एवढाच होता, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरं, तेव्हा लोक सुराला मानतात, इतकंच त्यातून निघतं. भाषणाचा ९३ टक्के अर्थ हावभावात असतो असं मेहराबियन स्वतःही म्हणत नाहीत. तसं असतं तर चिनी भाषण आपल्याला ९३ टक्के कळायला हवं.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे. परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोॲन कोप यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची एक प्रश्नावली केली. जगभर आजही तीच वापरतात. त्यांनी या भीतीचे तीन धागे धरले: बोलण्याचीच धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक वाईट मत करून घेतील ही धास्ती. ‘मी बोललो तर इतर मुलं हसतील’ अशा अर्थाचं विधान त्यात चक्क आहे. तुमच्या रोल नंबर २३ वर तिन्ही एकदम कोसळल्या, कारण परीक्षाही तीच, प्रेक्षकही तेच आणि भाषणही पहिलंच.

दुसरं एक संशोधन मुलांना सांगण्यासारखं आहे. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोव्हिच, २००३. बोलणाऱ्याला वाटतं, आपली धडधड समोरच्यांना दिसतेय. प्रत्यक्षात त्यांना त्याहून बरीच कमी दिसते. गंमत अशी, की ज्यांना हे भाषणाआधी समजावून सांगितलं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. त्यांना ‘घाबरू नका’ असं सांगितलं नव्हतं, ‘घाबरलात तरी दिसत नाही’ असं सांगितलं होतं. यातला फरक मोठा आहे.

आणि सायकलच्या हिशोबावर एक उपाय: ४/३/२. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडला, पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये अभ्यासला. एकच विषय, तीन वेगवेगळे श्रोते. पहिल्याला चार मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला तोच तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन. श्रोता नवा असल्याने पुन्हा सांगायला कारण असतं, आणि वेळ आक्रसत गेल्याने अडखळणं गळत जातं. सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलतात. तुमच्या वर्गात प्रत्येक जण नऊ मिनिटं बोलेल. ६४ गुणिले ९ म्हणजे एका तासात ५७६ मिनिटांचं बोलणं. सायकली पुरतात की नाही बघा.

अवांतर: इंग्रजी आपल्याकडे परकी भाषा की दुसरी भाषा? ब्रज काचरू यांनी १९८५ च्या त्यांच्या तीन वर्तुळांत भारताला मधल्या वर्तुळात बसवलं, म्हणजे दुसरी भाषा. पण खसताटींच्या एकाच वर्गात शहरातल्या, धरमपेठेतल्या बाकाला ती दुसरी आहे, आणि गडचिरोलीतल्या कोरचीहून आलेल्या बाकाला चक्क परकी. मधला रस्ता एका बाकाचा.

---

गाइडमुक्त | मंगळवार, रात्री ९:३०

मी स्वतः अशाच वर्गात बसतो, दुसऱ्या कॉलेजात. थोडं विद्यार्थ्यांकडूनही ऐका.

आम्ही इंग्रजीला घाबरत नाही, इंग्लिश मीडियमवाल्यांना घाबरतो. तो काही बोलत पण नाही, फक्त बाजूवाल्याकडे बघून बारीक हसतो. बस्स. त्यानंतर अख्खं सेमिस्टर तोंड उघडत नाही आम्ही. मॅडमसमोर चुकायला काही वाटत नाही, मॅडम तर चुका सुधारायचाच पगार घेतात.

दुसरं, आमच्यातले बरेच जण भाषण देवनागरीत लिहून घेतात. ‘टाइम इज प्रेशस, वी शुड नॉट वेस्ट इट.’ वाचायला सोपं जातं. पण एकदा अडकलं की पुढे काय बोलायचं ते अर्थावरून आठवत नाही, कारण अर्थ कधी बघितलेलाच नसतो. फक्त आवाज पाठ असतो. रोल नंबर २३ परत पहिल्यापासून का सुरू करत होता ते मला लगेच कळलं. गाणं मधूनच सुरू करता येत नाही, तसं.

---

रंगपट | मंगळवार, रात्री १०:१५

गाइडमुक्त, तू फार मोलाचं लिहिलंस. देवनागरीत ‘वेस्ट’ लिही आणि मला सांग कुठला. पश्चिम दिशा, वाया घालवणं, कंबर की बनियन? इंग्रजीत चार शब्द, आपल्याकडे एकच. ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षाही आणि चवही. ‘पेपर’ म्हणजे कागद आणि मिरी दोन्ही. आपल्या लिपीत इंग्रजीतला छोटा ‘ए’ आणि लांब ‘ए’ एकाच मात्रेत जातात, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच ‘व’मध्ये. लिपीचा दोष नाही, ती आपल्या भाषेसाठी आहे.

मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं काढली, कॉलेजात आवाजाच्या कार्यशाळा घेतो. माझ्या मते उच्चारापेक्षा जोर महत्त्वाचा. मराठीत आपण साधारण प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. इंग्रजी तसं करत नाही, एका अक्षरावर पाय रोवून बाकीची गिळते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टॉ’वर सरकतो आणि पहिला ‘फो’ जवळजवळ ‘फ’ होतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. ही सरकासरक मुलांना टाळ्या वाजवून शिकवा, दहा मिनिटांत येते. बाकी ते नागपूरच्या सुरात बोलले तर बोलू देत. इंग्लंडचा सूर आणायला गेला की पोरगं नक्कल करायला लागतं, आणि नकलेत विचार करता येत नाही.

दुसरी गोष्ट श्वास. घोकलेलं भाषण माणूस श्वास संपेपर्यंत म्हणतो आणि जिथे संपला तिथे तोडतो, मग ते वाक्याच्या मधेच का असेना. मी कागदावर रेघा मारून घेतो. अर्थाचा एक तुकडा, एक रेघ, एक थांबा. थांबल्यावर वाटतं जन्म गेला. मोबाइलवर रेकॉर्ड करून दाखवा, तो जन्म एका सेकंदाचा असतो.

खसताटी, तुमच्याकडे कूलर सुरू झाले का? नागपूरच्या वर्गात मार्चनंतर आवाजाचे मार्क कूलरलाच द्यावे लागतात.

---

खसताटी | शुक्रवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. आज ४/३/२ करून बघितलं. सांगते, काय काय झालं ते.

आधी गोंधळ. बाकं समोरासमोर लावली, एक रांग बोलणारी, एक ऐकणारी. दर फेरीला ऐकणाऱ्यांनी एक जागा सरकायचं, पंगतीत वाढपी सरकतो तसं. बत्तीस जण एकदम बोलायला लागले आणि वर कूलर. शेजारच्या वर्गातले सर आले, दारातून बघितलं आणि ‘मॅडम नाहीत का?’ विचारून गेले. मी खिडकीपाशीच उभी होते.

चार मिनिटं बऱ्याच जणांना झेपली नाहीत. दुसऱ्या मिनिटालाच शुकशुकाट. म्हणून दुसऱ्या रांगेच्या वेळी ३/२/१ केलं, ते बसलं. विषय मीच बदलले. ‘महत्त्व’ हा शब्द असलेला एकही विषय चालणार नाही, आणि तुम्हाला येणारी, पण बाजूवाल्याला न येणारी एक गोष्ट सांगायची. कागद नाही. वहीच्या पानाचा आठवा भाग, त्यावर फक्त सात शब्द. दोघांनी त्या कपट्यावर मुंगीच्या अक्षरात पूर्ण भाषण लिहून आणलं होतं. दाद द्यावी असं कौशल्य.

आणि एक सवलत दिली, ती काटेकोरकाकांना आवडणार नाही. सुरुवातीला दोन मिनिटं मराठीत किंवा हिंदीत बाजूवाल्याला सांगून घ्या, मग इंग्रजी. कारण मला दिसत होतं, की पोरं एकाच वेळी काय सांगायचं तेही शोधताहेत आणि कसं सांगायचं तेही. एक ओझं आधी उतरवलं.

गडचिरोलीकडची एक मुलगी आहे. पहिल्या फेरीत ‘शिक्षणाचे महत्त्व’ पुटपुटून बसली होती, पहिल्या बाकालाही ऐकू गेलं नव्हतं. आज तिने तेंदूपत्ता निवडला. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. पहिल्या फेरीत शब्द शोधत होती, ‘पुडा’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर अडली, मग हाताने बांधून दाखवला, समोरचीने ‘बंडल’ पुरवला. तिसऱ्या फेरीत, एका मिनिटात, सगळं सरळ: पहाटे ऊन चढायच्या आत जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सगळ्यांनी बसून लावायची, सालीच्या दोरीने बांधायची, मग उन्हात ओळीने सुकवायची. ‘वन बंडल, सेव्हंटी लीव्ज. नॉट सिक्स्टी-नाइन. दे काउंट.’ समोरची खळखळून हसली, आणि हिला कळलं की आपण इंग्रजीत हसवलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मग समोरचीने विचारलं, ‘व्हाय सेव्हंटी?’ ही म्हणाली, ‘आय डोन्ट नो. माय ग्रँडमदर ऑल्सो डोन्ट नो.’

हे उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नव्हतं.

रोल नंबर २३ आजही नव्हता.

---

काटेकोर | शुक्रवार, रात्री ९:१०

‘माय ग्रँडमदर डझन्ट नो आयदर.’

पण हसलो. मराठीच्या सवलतीबद्दल मत कायम आहे. सवलतीची सवय होते. दोनाची चार मिनिटं होतील, मग बंद करताना तुम्हीच वाईट ठराल.

---

खसताटी | शुक्रवार, रात्री ९:२५

काका, ती भीती मलाही आहे. म्हणून घड्याळ लावून दोनच. चुका मी लिहून घेतल्यात, कुणाला मधे तोडलं नाही. सोमवारी त्यातल्या पाच फळ्यावर लिहीन, नाव न घेता. तुमचं ‘डझन्ट’ त्यात आहेच.

---

अर्धविराम | शनिवार, सकाळी ७:३०

दोन दिवस लिहू की नको करत होतो. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. मराठीतही. ‘म’ आणि ‘प’ने सुरू होणारे शब्द माझ्यासाठी डोंगर आहेत. तुमच्यासारख्याच एका पेपरला मला भाषणात ‘कॉन्फिडन्स’चे पाचपैकी शून्य मिळाले होते. विषय माझा सगळ्यात जास्त तयार होता.

वेळ आक्रसत नेणं बहुतेकांना उपयोगी पडत असेल, मला ते फासासारखं आहे. समोर घड्याळ दिसलं की जीभ टाळूला चिकटते. अशा वर्गात माझ्यासारखा एखादा असतोच आणि तो तुम्हाला आधी सांगत नाही. त्याला तीनही वेळा तेवढाच वेळ द्या. श्रोते बदलू द्या, वेळ नको. आणि ‘अँ’ मोजायला माणूस बसवू नका. बर्डीवाला, तुमच्यावर राग नाही, पण मी तिथे एकदा आलो होतो. परत आलो नाही, ते त्या मोजणाऱ्यामुळे.

एक मदतीची गोष्ट सांगतो. माझ्या एका शिक्षिकेने मला पहिलं वाक्य दिलं होतं: ‘मी थांबत थांबत बोलतो, थोडा वेळ द्या.’ एकदा सांगून टाकलं की लपवायचं काम संपतं.

---

बर्डीवाला | शनिवार, सकाळी ८:०५

अर्धविराम, हे वाचून गप्प झालो. मोजणी कुणाच्या बाबतीत करायची आणि कुणाच्या नाही, हे आमच्याकडे आधी विचारायला हवं. पुढच्या बैठकीत मांडतो. आणि अनुस्वार, ९३ टक्क्यांची स्लाइड काढली. माझ्या तीन प्रेझेंटेशनमध्ये होती.

---

निवांत फुटाळा | शनिवार, दुपारी ४:४०

उशिरा आलो. माझी एक भर. मुलांना चांगल्या इंग्रजी भाषणाचा नमुना दाखवायचा म्हटलं की सगळे अमेरिकेतले व्हिडिओ लावतात. टाय लावलेला माणूस, काळा पडदा, कानात माइक. आपल्या पोरांना वाटतं, भाषण म्हणजे हे.

मी २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण घेतो. नागपुरात ते कुणाला ओळख करून द्यावं लागत नाही. लोक त्यातले विचार सांगतात, मी बांधणी दाखवतो. लोकशाही नुसती बाह्यरूपात नव्हे तर प्रत्यक्षात टिकवायची असेल तर काय करायचं, असा प्रश्न ठेवतात आणि उत्तर मोजून देतात. पहिली गोष्ट, संविधानिक मार्ग सोडायचे नाहीत. दुसरी, राजकारणात विभूतिपूजा नको. तिसरी, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानायचं नाही. प्रत्येक वेळी ‘द फर्स्ट थिंग’, ‘द सेकंड थिंग’, ‘द थर्ड थिंग’ स्पष्ट म्हणतात. ऐकणारा हरवला तरी पुढच्या पाटीपाशी परत सापडतो. आणि २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत, हे वाक्य इंग्रजीत बघा, किती साधे शब्द आहेत. डिक्शनरीतून उपसलेला एकही नाही.

आणि हाच माणूस १५ ऑक्टोबर १९५६ ला याच गावात मराठीत बोलला, धम्म का स्वीकारला ते सांगायला, लांबलचक, दाखले देत, कोपरखळ्या मारत. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की पोरांना कळतं: भाषा समोर कोण आहे त्यावरून ठरते, वक्त्याच्या मोठेपणावरून नाही.

---

तर्रीबाज | शनिवार, सायंकाळी ५:१०

हे एक नंबर. मले कॉलेजात हे सांगतलं असतं तं मी मायक्रोफोनले इतका भेलो नसतो.

---

गाइडमुक्त | शनिवार, सायंकाळी ६:००

मॅडम, मार्क कसे देणार? कारण तासाला कितीही मजा आली तरी शेवटी आम्ही मार्कांसाठीच घोकतो. शीटवर उच्चाराला मार्क असतील तर पोरं परत यूट्यूबवरून ॲक्सेंट उचलतील.

---

खसताटी | शनिवार, रात्री ११:२०

बरोबर नस पकडलीस. आमच्याकडे छापील शीट आहे, २० मार्कांचं. उच्चार ५, व्याकरण ५, देहबोली ५, आत्मविश्वास ५. किती वर्षं चाललंय माहीत नाही. काल रात्री पहिल्यांदा नीट बघितलं, तर ‘ऐकणाऱ्याला काय कळलं’ याला त्यात एकही मार्क नाही. म्हणजे मोबाइल शाप की वरदान हे शेवटपर्यंत न सांगताही पोरगं वीसपैकी अठरा घेऊ शकतं. घेतलेतही.

विभागात बोलले. शीट बदलायला पुढच्या वर्षीची बैठक लागेल म्हणे. तोपर्यंत ‘आत्मविश्वास’चे पाच मार्क मी माझ्या पद्धतीने वाचणार आहे: भाषण झालं की ऐकणाऱ्या तिघांनी एका ओळीत, हव्या त्या भाषेत, लिहायचं की याने काय सांगितलं. तिन्ही ओळी जुळल्या तर पाच. अर्धविराम, तुमच्यासारख्याचे ते पाच आता अडखळण्यामुळे जाणार नाहीत. वेळेचंही लक्षात ठेवलंय.

---

खसताटी | पुढचा गुरुवार, रात्री ९:००

रोल नंबर २३ आला. मी बोलावलं नव्हतं, तेंदूपत्तावालीने आणला. म्हणाली, सर्वांसमोर नाही, फक्त चौघांसमोर बोलायचंय असं सांग म्हटलं त्याला.

पंपावर बोलला. ‘रिस्पेक्टेड’ नाही, काही नाही, पहिलंच वाक्य: ‘मोटर इज रनिंग, बट नो वॉटर.’ मग का, ते. विहिरीत पाइपच्या तळाशी फुट व्हॉल्व्ह असतो, तो गळला की पाइपमधलं पाणी खाली उतरतं, पंपात हवा भरते आणि मोटर नुसती फिरते. एका जागी अडला. मी श्वास रोखून बघत होते, आता परत पहिल्यापासून. तो ‘वन मिनिट’ म्हणाला, कपट्याकडे बघितलं आणि पुढे गेला. तिघांच्या ओळी जुळल्या. एकीने तर चित्र काढलं.

पण एकूण बोलला २ मिनिटं ४० सेकंद. शीटवर किमान पाच मिनिटांची अट आहे. द्यायचे किती?

---

काटेकोर | गुरुवार, रात्री ९:३०

पंपाला पाणी का येत नाही हे मला तुमच्या पोस्टवरून कळलं. म्हणजे त्याने ते सांगितलं. व्याकरणाचे दोन मी कापले असते, ‘देअर इज नो वॉटर’ हवं. बाकीचे द्या. आणि सोमवारी मी येऊन बसलो तर चालेल का? मागच्या बाकावर. बोलणार नाही.

---

तर्रीबाज | गुरुवार, रात्री ९:४५

काका, तुम्ही न बोलता बसान? पाहू.

मॅडम, पोट्ट्यानं एक गोष्ट सांगतली का नाही? व्हॉल्व्ह बदलला तरी पंप तसाच चालू होत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओता लागते पाइपात, हवा निघेपर्यंत. बिना ओतल्याचा चालवला तं सील जळते.

---

खसताटी | गुरुवार, रात्री ९:५०

सांगितलं. त्याच जागी अडला होता, ‘ओतणे’ला शब्द सापडत नव्हता. काका, सोमवारी साडेसातला, दुसरा मजला. कूलरपासून लांब बसा.